नावाला गाव हवे

(केम येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



केमची ओळख महाराष्ट्राला करून द्यावी लागत नाही. कुंकवाच्या धंद्याने या गावाचे नाव घरोघर पोचवले आहे. उत्तरेश्वराचे देऊळ ही दुसरी ओळख. तिसरी ओळख तुमच्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती सांगायचे राहूनच जाते : जेऊर आणि कुर्डुवाडी यांच्या मधले तुमचे रेल्वे स्टेशन. डिकसळपासून बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, जी.आय.पी. रेल्वेचे रूळ १८५९ साली पोचले. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली त्याला तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. तेव्हापासून या भागातला माणूस पोटासाठी, शिक्षणासाठी, कोर्टकचेरीसाठी आणि पलटणीत भरती होण्यासाठी याच रुळांवरून बाहेर पडत आला आहे.

पलटणीत गेलेल्या, युद्धात सापडलेल्या, सरकारच्या कागदावर चढलेल्या अशा माणसांबद्दल मला आज बोलायचे आहे. त्यांनी स्वतः काही लिहून ठेवले नाही. बहुतेकांना लिहिता येतच नव्हते. तरी त्यांचा माग दफ्तरखान्यात, लष्करी स्मारकावर, संग्रहालयातल्या काचेच्या कपाटात कुठे ना कुठे राहिला आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे ऐकायला सोपे जाईल. दफ्तर नाव सांभाळते. पण ते नाव कुणाचे, हे गावच सांगू शकते. या दोघांची गाठ पडली नाही तर तिकडे नाव धूळ खात राहते आणि इकडे आठवण विरून जाते.

सरकारला माणूस कधी दिसतो?

साधा माणूस सरकारी कागदावर येतो तो दोनच वेळी. सरकारला त्याच्याकडून काही घ्यायचे असते तेव्हा, किंवा त्याला काही द्यायचे असते तेव्हा. सारा, दंड, भरती ही घेण्याची कामे. पगार, पेन्शन, बक्षीस ही देण्याची. त्यामुळे जुना कागद हातात आला की पहिला प्रश्न विचारायचा : हा कशासाठी लिहिला?

पुण्याच्या पुराभिलेखागाराला लोक अजून पेशवे दफ्तर म्हणतात. तिथे कापडी रुमालांत बांधलेले कोट्यवधी मोडी कागद आहेत. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या आसपास त्यांतून निवड करून ४५ खंड छापले. ते खंड चाळले तर स्वाऱ्या, तह, कारस्थाने आणि मोठ्या घराण्यांची पत्रे दिसतात. मात्र साध्या माणसाला शोधायचे तर हिशेबाच्या कागदांकडे वळावे लागते. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा, बारगिराचा सरकारचा. लढाईत घोडा पडला तर भरपाई कुणाला द्यायची याचा वाद होऊ नये म्हणून घोड्याचा रंग आणि खुणाही लिहिल्या जात. माणूस पडला तर त्याच्या मागे राहिलेल्या मुलांच्या पोटापाण्यासाठी जी नेमणूक होई तिला बालपरवेशी म्हणत. पानिपतावर १७६१ साली गेलेल्यांची घरे अशा नेमणुकांतून कागदावर आली. कारकुनाला इतिहास लिहायचा नव्हता. पैसे चुकीच्या हाती पडू नयेत एवढीच त्याची चिंता होती, आणि त्या चिंतेपायी एखाद्या पोरक्या पोराचा पत्ता अडीचशे वर्षे टिकला.

अगदी अलीकडचे उदाहरण तुम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचे आहे. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी तहसील कचेऱ्यांतली जुनी बाडे बाहेर निघाली. कोतवाल बुक म्हणजे काय हे तरुण पोरांना ठाऊक झाले. मोडी वाचणाऱ्या माणसाला एकाएकी भाव आला. ज्या कागदांकडे पन्नास वर्षे कुणी ढुंकून पाहिले नव्हते त्यांच्या नकलांसाठी रांगा लागल्या. गरज पडली की गाव दफ्तर उघडते, हे त्यातून सिद्ध झाले. माझी विनंती एवढीच की दाखल्याची गरज नसतानाही ते उघडावे.

आणि त्यातही एक अडचण आहे. कोतवाल बुकात गावात झालेला जन्म आणि गावात झालेला मृत्यू लिहिला जायचा. जो माणूस गाव सोडून इराकातल्या बसऱ्याला लढाईवर गेला आणि तिकडेच मेला, त्याचा जन्म गावच्या वहीत सापडेल, मरण सापडणार नाही. ते दुसऱ्या वहीत आहे, दुसऱ्या भाषेत आहे, समुद्रापलीकडे आहे. निम्मा माणूस इथे, निम्मा तिथे.

चेहरा, आकडा आणि नाव

लढाईत पडलेल्याची आठवण ठेवण्याची आपली जुनी रीत म्हणजे वीरगळ. महाराष्ट्रात अनेक जुन्या देवळांच्या आवारात, पारावर, गावकुसाशी हे दगड उभे दिसतात. खालच्या चौकटीत लढाई, त्यावर वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर गलबतांची लढाई कोरलेली आहे. दगड घडवणाऱ्याने ढाल-तलवार, घोडा, पळवली जाणारी गुरे सगळे दाखवले. पण महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. ज्यांनी तो उभा केला त्यांना नाव माहीत होते, म्हणून कोरायची गरज वाटली नसावी. चार पिढ्यांनी ते विसरले, आणि आता आपण त्या वीराला शेंदूर लावून देव म्हणतो. तिथे चेहरा आहे, नाव नाही.

आता पहिल्या महायुद्धाकडे या. १९१४ ते १९१८ या काळात दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे लढायला किंवा लष्करी कामाला समुद्रापार गेली. सत्तर हजारांहून अधिक परत आली नाहीत. महाराष्ट्राच्या दृष्टीने त्यातले सर्वांत दुःखद प्रकरण मेसोपोटेमियातले, म्हणजे आजच्या इराकमधले. तिथे गेलेल्या सैन्याच्या तुकडीचे नावच सहावी पुणे डिव्हिजन होते. त्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. जनरल टाउनशेंडच्या हाताखाली ही फौज बगदादच्या रोखाने गेली, टेसिफोनला अडली, मागे फिरली आणि ७ डिसेंबर १९१५ पासून टायग्रिस नदीकाठच्या कूत या गावात वेढली गेली. वेढा १४७ दिवस चालला.

या वेढ्यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. धान्य संपत आले तेव्हा तोफखान्याचे आणि रिसाल्याचे घोडे, खेचरे कापून खायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी ते खाल्ले. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी नकार दिला. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी बिनतारी संदेशाने मागवली गेली, ती आली, तरीही कित्येक आठवडे शिपाई बधले नाहीत. वरचे अधिकारी याला हट्ट म्हणत. त्या शिपायाच्या मनात मात्र दुसराच हिशेब असणार. परवानगी देणारा धर्मगुरू दूर आहे. आपल्याला परत जायचे आहे ते भावकीत. तिथे पंगतीला कुणी बसू देईल का? उपाशी पोटी, तापाने फणफणलेला, शेकडो कोसांवर असलेला हा माणूस स्वतःला अजून गावचाच समजत होता. एप्रिलच्या मध्यावर भुकेपुढे इलाज उरला नाही तेव्हा बहुतेकांनी ते मांस खाल्ले, पण तोवर उशीर झाला होता. २९ एप्रिल १९१६ ला कूत पडले. सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. हिंदी कैद्यांना वाळवंटातून चालवत नेले. पुष्कळांना रास-अल-ऐनजवळ बगदाद रेल्वेच्या बांधकामावर जुंपले. हजारो त्या वाटेवर आणि त्या कामावर मेले.

या मेसोपोटेमियाच्या मोहिमेत ज्यांची थडगी किंवा चितेची जागा ठाऊक नाही अशा चाळीस हजारांहून अधिक जणांसाठी बसऱ्याला स्मारक उभारले गेले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. हिंदी शिपायाचे नाव नाही. अमुक पलटण, अमुक सुभेदार, जमादार, आणि शेवटी 'इतर' इतके इतके, असा आकडा आहे. मराठा पलटणींचेही तसेच. म्हणजे वीरगळावर चेहरा होता आणि नाव नव्हते; इथे चेहराही गेला आणि आकडा उरला.

हे का झाले? नावे माहीत नव्हती, असे समजू नका. पलटणीत प्रत्येकाला क्रमांक होता, दर महिन्याला पगारपत्रक होते, घरी पैसे पाठवायचे तर बापाचे नाव आणि गाव लागत होते. फ्रान्समध्ये नव्ह शापेलला १९२७ साली जे हिंदी सैनिकांचे स्मारक झाले त्यावर ४,७०० हून अधिक नावे शिपायापर्यंत कोरलेली आहेत. त्या गावावर ऑक्टोबर १९१४ मध्ये झालेल्या हल्ल्यात आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या दोन कंपन्या होत्या आणि त्यांची जबर हानी झाली होती. म्हणजे युरोपात, लोकांच्या नजरेसमोर, नाव कोरायला जागा होती, इराकमध्ये नव्हती. तेव्हाच्या साम्राज्याच्या नजरेत हा शिपाई नावाने आठवण्याजोगा नव्हता, एवढेच त्याचे कारण. हे मी रागाने बोलत नाही. या स्मारकांची देखरेख करणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननेच एप्रिल २०२१ मध्ये अहवाल काढून कबुली दिली. हिंदी, आफ्रिकी आणि अरब भागांतल्या ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण इतरांच्या बरोबरीने झाले नाही आणि निदान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांचे नावाने स्मरण झालेच नाही, असे त्या अहवालात आहे. आयोगाने माफी मागितली आणि नावे शोधण्याचे काम हाती घेतले. दगडाचे म्हणाल तर बसऱ्याचे ते स्मारकसुद्धा जागेवर राहिले नाही. १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते उचलून वाळवंटात नासिरियाच्या रस्त्याला नेऊन मांडले गेले.

कडेवरचे अक्षर

मग शिपायाचे नाव कुठे सापडेल? बऱ्याचदा घरातच. पहिल्या महायुद्धातल्या मेडलांबद्दल एक बारीक गोष्ट सांगतो, कारण ती इथल्या एखाद्या घरात उपयोगी पडेल. चांदीचे एक गोल मेडल होते, एका बाजूला राजाचे डोके, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष. त्याच्या जोडीला पंखवाल्या देवतेचे पितळी रंगाचे दुसरे. लोक पुढची-मागची चित्रे बघतात आणि ठेवून देतात. नाव या दोन्ही बाजूंना नसते. ते कडेवर असते, रुपयाच्या नाण्याला जिथे दाते असतात त्या जागी. भिंग घेऊन मेडल हळूहळू फिरवले की क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण अशी इंग्रजी अक्षरांची एक ओळ फिरत समोर येते. तो क्रमांक म्हणजे दफ्तराच्या कुलपाची किल्ली समजा.

तेच मेडल काहींना चांदीत न मिळता काशात मिळाले. लष्कराबरोबर गेलेले भिस्ती, स्वयंपाकी, खेचरवाले, झाडूवाले, हमाल यांना सरकार शिपाई समजत नव्हते, बिगारी-नोकर समजत होते. त्यांनी गोळ्या खाल्ल्या, कूतच्या वेढ्यात तेही उपाशी राहिले, पण मेडल काशाचे. घरात असे काळपट मेडल असेल आणि 'हे खोटे आहे' म्हणून कुणी टाकायला काढले असेल तर थांबा. ते अगदी खरे असू शकते. आपल्या गावातल्या कोणत्या आळीतून कोणत्या कामावर माणसे गेली, हे त्या धातूवरून कळेल. चांदीची मेडले अडीअडचणीला सोनाराकडे गेली आणि वितळली. काशाला मोल नव्हते म्हणून ते राहिले असण्याचा संभव अधिक.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत नोंदी सुधारल्या. वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत हिंदी सैनिकाच्या नावापुढे बापाचे, आईचे, बायकोचे नाव आणि गाव, तालुका, जिल्हा असा तपशील पुष्कळदा मिळतो. पण ही नावे इंग्रजीत, ऐकून लिहिलेली. साहेबाच्या कानाला जसे पडले तसे गाव. एकाच जिल्ह्यात तीन पिंपळगावे आणि पाच वडगावे असतात; तालुक्याच्या सीमा बदललेल्या असतात; गणपत शिंदे आणि रामा जाधव तर प्रत्येक पलटणीत. लंडनमध्ये बसलेल्या, कितीही हुशार, संशोधकाला यातले कोडे सुटणार नाही. 'हा आमच्या वरच्या वाड्यातला, त्याचा चुलता फौजदार होता' असे म्हणणारी एखादी आजी ते दोन मिनिटांत सोडवते.

पंजाबात हे घडले आहे. तिथल्या सरकारने १९१९ मध्ये युद्धावर गेलेल्यांच्या गाववार वह्या केल्या होत्या. सुमारे ३ लाख २० हजार माणसांच्या त्या नोंदी लाहोरच्या संग्रहालयात जवळजवळ शंभर वर्षे पडून होत्या. इंग्लंडमधल्या पंजाबी मंडळींनी ग्रीनिच विद्यापीठाच्या मदतीने त्यांतल्या काही जिल्ह्यांच्या नोंदी २०२१ मध्ये संगणकावर खुल्या केल्या, आणि माणसांना पणजोबा सापडू लागले. त्या वह्या पलटणवार असत्या तर एवढे जमले नसते. त्या गाववार होत्या, म्हणून जमले.

आपल्याकडे साताऱ्याजवळचे अपशिंगे घ्या. त्या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली आणि गावाच्या नावालाच 'मिलिटरी' जोडले गेले. तिथे आठवण टिकली कारण आजही घरटी माणूस सैन्यात जातो. गावाचा आणि पलटणीचा संबंध तुटलाच नाही. जिथे तो तुटला तिथे आठवणही गेली.

एक माणूस, दोन दफ्तरे

दफ्तरातले नाव सापडले म्हणजे माणूस सापडला, असे मात्र नाही. सोलापूरचेच बघा. मे १९३० मध्ये सविनय कायदेभंगाच्या दिवसांत सोलापुरात गोळीबार झाला, पोलीस ठाण्यावर जमाव गेला, पोलीस मारले गेले, आणि मार्शल लॉ पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना खुनाच्या आरोपावरून १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले. सरकारी कागदांत हे चौघे गुन्हेगार आहेत. सोलापूरच्या चौकात ते हुतात्मे आहेत, चौघे चार समाजांतले. न्यायालयाचा कागद आपल्याला तारखा, साक्षी, कलमे देतो. पण तेवढाच वाचला तर सोलापूरने त्यांना का आपले मानले ते कधीच कळणार नाही. उलट नुसते पुतळ्याकडे बघून हार घातला तर नेमके काय घडले, कुणावर कोणता पुरावा होता, ते कळणार नाही. दोन्ही दफ्तरे उघडी ठेवली तरच माणूस कळतो.

नाव कोरले की पुढच्या पिढ्या त्याचे काय करतात, याचे सर्वांत मोठे उदाहरण भीमा कोरेगावचा स्तंभ. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने तो उभारला तो स्वतःच्या विजयासाठी. पण त्यावर पडलेल्या शिपायांची नावे कोरली आणि त्यांत 'नाक' असा शेवट असलेली महार शिपायांची नावे ठळक दिसतात. १८९० च्या दशकात ब्रिटिश सरकारने महारांची भरती बंद केली. तेव्हा लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारला अर्ज केले. पूर्वजांच्या चाकरीची आठवण हा त्यांचा आधार होता. पहिल्या महायुद्धात माणसे हवी होती तेव्हा १९१७ मध्ये महारांची १११ वी पलटण उभी राहिली, आणि गरज संपल्यावर मोडली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर त्या स्तंभाला गेले. १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या चिन्हावर तोच स्तंभ आला. कंपनी सरकारने ज्या हेतूने दगड उभा केला तो हेतू बाजूला राहिला. दगडावर नावे होती म्हणून लोकांना तो आपल्या हक्कासाठी वाचता आला. तिथे फक्त आकडा कोरला असता तर कुणी काय वाचले असते?

चीनमधला सोलापूरकर

आपल्या जिल्ह्याचा एक माणूस मात्र परदेशातल्या लष्करी स्मशानभूमीत पूर्ण नावानिशी, पुतळ्यासह उभा आहे. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. जन्म सोलापूरचा, १९१० चा. वडील गिरणीत नोकरीला. मुंबईला वैद्यकीय शिक्षण झाले. जपानने चीनवर केलेल्या आक्रमणाच्या वेळी काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात ते गेले. इतर चौघे यथावकाश परतले. कोटणीस राहिले, चिनी शिकले, लढाईच्या धामधुमीत अखंड शस्त्रक्रिया करत राहिले, कॅनडाचे डॉक्टर बेथ्यून यांच्या नावाच्या इस्पितळाचे प्रमुख झाले. ग्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले. मुलाचे नाव ठेवले 'यिनहुआ', त्यात हिंदुस्थान आणि चीन दोन्ही आले. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. शिचियाच्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत त्यांचे स्मारक आहे; चिनी शाळकरी मुले तिथे फुले वाहतात.

कोटणीस का टिकले आणि कूतचा शिपाई का टिकला नाही, हे विचारले पाहिजे. कर्तृत्व मोठे होते हे खरेच. पण कर्तृत्वाने एकट्याने कुणी टिकत नाही. कोटणिसांची पत्रे घरच्यांनी जपली. ख्वाजा अहमद अब्बास यांनी पुस्तक लिहिले, व्ही. शांताराम यांनी १९४६ साली 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला, चीनने इस्पितळ आणि स्मारक सांभाळले, सोलापूरने त्यांच्या घराचे स्मारक केले. म्हणजे घर, लेखक, कलावंत, सरकार, महापालिका असे पाच-सहा हात लागले, तेव्हा एक माणूस टिकला.

असेच रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांचे. मराठा पलटणीच्या या जवानाने १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात एकट्याने शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर चाल करून ते बंद पाडले आणि तिथेच तो पडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याचे थडगे नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. माणगावला पुतळा आहे. आणि २०२३ साली इटलीतल्या मोन्तोने या छोट्या गावाने त्याच्या नावे सावलीच्या घड्याळाचे स्मारक उभारले. इकडे पळसगाव आणि माणगावनेही त्याला हातचा जाऊ दिला नव्हता.

ज्यांना मेडल नाही

आता कुंकवाच्या गावात बोलतो आहे, तेव्हा एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. सैनिकाच्या मरणाची तार गावात यायची. स्मारकावरचा आकडा कधी वाढला हे कुणाला कळले नसेल, पण त्या दिवशी एका बाईचे कपाळ पुसले गेले हे अख्ख्या आळीने पाहिले. तिच्या वाट्याला हातातल्या बांगड्या फोडणे, गळ्यातले काढणे, सणासमारंभातून मागे सरणे आले. आणि पेन्शन आली तर तिचे अर्ज, अंगठे, 'मी पुनर्विवाह केला नाही' असे दाखले. आजही जुन्या ट्रंकेत असे कागद निघतात. संग्रहालयात शिपायाचे मेडल जाते, पण तिच्या अंगठ्याचा कागद रद्दीत जातो. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचे कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि लगेच राज्य सरकारने सर्व ग्रामपंचायतींना तसे करण्याचे परिपत्रक काढले. ज्या केमचे कुंकू लाखो कपाळांवर लागते, त्या केमने युद्धातल्या विधवांचे कागद जपायचे ठरवले तर त्याहून योग्य काम कोणते?

मग करायचे काय?

मोठी इमारत नको, पुतळाही नको. एक वही पुरे, आणि ती ग्रामपंचायतीत किंवा शाळेच्या वाचनालयात राहील एवढी सोय. घरोघर जाऊन विचारा : पलटणीत, पोलिसांत, रेल्वेत, गिरणीत, जहाजावर, तुरुंगात कोण होते? डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, मेडल, मनीऑर्डरच्या पावत्या, पत्रे, फोटो यांची प्रत काढा आणि मूळ वस्तू त्या घरीच ठेवा. ती घरातून काढून घेतली तर लोक दारच उघडणार नाहीत. प्रत्येक कागदापुढे लिहा : कुणी दिला, कुणी सांगितले, कधी सांगितले. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच लिहा. मोडी कागद आला तर पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. गावातली दोन-तीन पोरे तिथे पाठवा. नावे जमली की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, बेळगावचे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र, खडकीचे बॉम्बे सॅपर्स, पुण्याचे पुराभिलेखागार आणि वॉर ग्रेव्हज कमिशन यांना क्रमांकासह पत्रे लिहा. नगरचे रणगाडा संग्रहालय तुमच्या करमाळ्याच्याच रस्त्याला आहे. शाळेची सहल तिथे नेलीत तर मुलांना पॅटन रणगाडा दाखवा, आणि 'हा चालवणारा कुणाचा कोण होता?' हेही विचारायला शिकवा.

दोन पथ्ये मात्र पाळा. एक, प्रत्येक पणजोबाला शूरवीर करू नका. कुणी पळून आला असेल, कुणी तापाने गेला असेल, कुणी चार वर्षे फक्त खेचरांना दाणा घातला असेल. तेही लिहा. खोट्या पराक्रमाने खऱ्या माणसाचा चेहरा झाकला जातो. दुसरे, कुणाच्या घरची लाज चव्हाट्यावर येईल असे काही असेल तर त्या घराला विचारल्याशिवाय वहीत घेऊ नका.

आणि हे काम पुढच्या पिढीवर ढकलता येणार नाही. ज्यांनी आपल्या आजोबांच्या तोंडून युद्धाच्या गोष्टी ऐकल्या ती माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. दफ्तरातला कागद आणखी शंभर वर्षे थांबेल. तो वाचून दाखवल्यावर 'अरे, हा तर आमचा' म्हणणारा माणूस थांबणार नाही. संयोजकांनी मला मानधनाबद्दल विचारले होते. त्याऐवजी वही आणा, आणि आज सभा संपल्यावर, इथेच, या मांडवात, पहिल्या पानावर पहिले नाव कोणत्या घरातून येणार ते ठरवून मगच घरी जा.